धामणीला घातलेले टाके

१

दुकानाचं शटर अर्धंच वर करायचं, ही दोघा भावांची जुनी सवय. पूर्ण वर केलं की जाणारा-येणारा आत डोकावतो, डोकावला की दोन शब्द बोलतो, आणि बोलणाऱ्याकडे बघायला मान वर केली की हातातला टाका चुकतो. म्हणून अर्धं. थोरला जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी धाकटा रोज सकाळी तेवढंच शटर वर करायचा आणि वाकून आत शिरायचा.

सगळी गल्ली त्याला रफूवाला म्हणायची. थोरला होता तेव्हा मोठा रफूवाला आणि छोटा रफूवाला असं होतं. आता फरक करायचं कारण उरलं नव्हतं. दोघांनीही लग्नं केली नाहीत. नाही म्हणायला थोरल्याचं एकदा जमत आलं होतं, पण मुलीकडची मंडळी घर बघायला यायची ठरली आणि थोरला त्या दिवशी मागच्या बागेतून घरात आलाच नाही. इतके दोघे बुजरे. समोरासमोर बसून दिवसच्या दिवस शिवायचे, आणि संध्याकाळी कुणी विचारलं असतं की आज काय बोललात, तर सांगण्यासारखं एक वाक्य निघालं नसतं. पण गप्प बसायलाही समोर कुणीतरी लागतं, हे धाकट्याला थोरला गेल्यावर कळलं.

कामाचा नियम थोरल्याने त्याला शाळा सुटल्यावर दुकानात बसवलं त्याच दिवशी सांगितला होता. फाटलेल्या जागेला धागा त्याच कपड्याचा द्यायचा. पँटच्या खालच्या दुमडीतून, कोटाच्या आतल्या शिवणीतून, जिथून ओढला तरी कळणार नाही अशा जागेवरून. तसा मिळालाच नाही, तर रंगाने आणि वयाने जवळचा. रफू केलेली जागा बाहेरच्या माणसाला दिसता कामा नये. आपल्या बोटाला मात्र ती अंधारातही सापडली पाहिजे.

दुकानामागे स्वयंपाकघर होतं, त्याच्या एका अंगाला बागेचं दार आणि दुसऱ्या अंगाला आतली खोली. थोरल्याचा पलंग तिथे होता; तो गेला तेव्हापासून धाकट्याने त्या खोलीला बाहेरून कडी घालून ठेवली होती. तो स्वतः दुकानातच गादी टाकून झोपायचा. तिथे निदान रस्त्याचे आवाज यायचे.

२

“भाऊजी, तुमच्या मागच्या रानातून आता वाघ निघायचा,” शेजारची इस्त्रीवाली म्हणाली.

इस्त्रीच्या डागाचे कपडे घेऊन ती रोज यायची. तिच्या हातून जळायचं आणि याच्या हातून बरं व्हायचं. आपली दोन्ही दुकानं अशीच चालायची, असं ती म्हणायची, आणि तो नुसता हसायचा.

“कापतो,” तो म्हणाला.

“कापतो कापतो करत पाऊण वर्ष गेलं. कात्रीनं कापणार आहात का ते? माझ्या भावाचं मशीन आहे, घेऊन जा. मोठे भाऊजी असते तर असं होऊ दिलं असतं का त्यांनी?”

बाग थोरल्याची होती. तिथे पाऊल टाकलं की धाकट्याला परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटायचं. पण शेजारणीपुढे ‘नाही’ म्हणायला जितकं बळ लागतं तितकं त्याच्यापाशी कधीच नव्हतं. दुपारचं जेवण झाल्यावर त्याने मशीन उचललं. लांब दांडा, आणि टोकाशी गरगर फिरणारी नायलॉनची जाड दोरी. गवत पटापट आडवं व्हायला लागलं आणि त्याला बरंही वाटलं. गुलाबाच्या ओळीपाशी मशीनचा आवाज बदलला. ओल्या कापडात सुई अडकावी तसा.

त्याने बटण बंद केलं. गवतात धामण पडली होती. चांगली लांब, पिवळट तपकिरी. अंगाच्या एका बाजूला वीतभर कातडी उसवून मागे दुमडली होती आणि आतलं पांढरं मांस थरथरत होतं. ती पळाली नाही, फुत्कारलीही नाही. तोंड किंचित उघडून तिथल्या तिथे पिळवटत राहिली.

“अरेरे,” तो म्हणाला. ज्या हातांनी जन्मभर फाटलेलं जोडलं त्या हातांनी हे केलं होतं.

सापाची भीती त्याला चारचौघांइतकीच होती. पण तो आत गेला, जुना टॉवेल आणला, हात लांब धरून तिला गुंडाळलं आणि कपडे ठेवायच्या लाकडी पेटीत घातलं. मग जनावरांच्या डॉक्टरणीला फोन लावला.

“काका, मी बाहेरगावी आहे,” ती म्हणाली. तिच्यामागे म्हैस रेकत होती. “उद्या दुपारी येते. धामण असेल तर विष नसतं, पण चावेल हं. मिठाच्या पाण्याने धुवा, ओल्या फडक्यात ठेवा. बाकी काहीही करू नका.”

“जगेल का?”

“बघू. उघडी जखम आहे, सांगता येत नाही.”

३

मिठाच्या पाण्याने धुवून झालं. ओलं फडकंही झालं. बाकी काही करायचं नव्हतं.

तो पेटीपाशी बसून राहिला. दिवेलागण झाली, शेजारच्या दुकानातला रेडिओ बंद झाला. पेटीत मधूनच फडकं हलायचं, आणि प्रत्येक वेळी त्याला हायसं वाटायचं. किती दिवसांनी या घरात त्याच्याशिवाय काहीतरी हलत होतं. ही मेली तर आपल्या हाताने मेली असं होईल, हे खरंच होतं. पण त्याहून वाईट म्हणजे ती मेली तर उद्यापासून पुन्हा नुसता घड्याळाचा आवाज. हे त्याने मनातल्या मनातही नीट कबूल केलं नाही. पण उठून कामाचा दिवा पेटवला.

दिव्याखाली जखम बघितल्यावर तर राहवेनाच. एवढं फाटलेलं समोर उघडं ठेवून रफूवाला झोपेल कसा? खवल्यांच्या रांगा म्हणजे वीणच होती. कुठली रांग कुठल्या रांगेला मिळते ते त्याला स्वच्छ दिसत होतं.

त्याने सुई उकळली. मग धागा. खणातली रिळं एकेक करून तिच्या अंगाला लावून बघितली. एक पिवळं, एक फार लाल, एक नवंकोरं चकचकीत. दुसरा कुणी असता तर कुठलंही उचललं असतं. सापाला काय करायचाय रंग? पण याचा हात बिनजुळत्या धाग्यावर चालेचना. शेवटी खुंटीवरचा थोरल्याचा तपकिरी कोट त्याने खाली काढला, अस्तराच्या आतली शिवण उसवली आणि रेशमाचा लांब धागा ओढून घेतला. तिच्या अंगावर ठेवला. कुठे धागा आणि कुठे अंग, ते कळेना.

टाके घालून होईपर्यंत धामण निपचित पडून राहिली. फक्त जीभ येत-जात होती. शेवटची गाठ मारून त्याने तिला पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि नाडीने पेटी आवळून बांधली.

“झोप आता,” तो म्हणाला, आणि स्वतःच्या आवाजाने दचकला.

४

सकाळी नाडी जशीच्या तशी होती. गाठ त्याचीच, दोन्ही टोकं आत खोचलेली. ती सोडून त्याने झाकण उचललं तर धामणीने डोकं वर काढलं. ताजीतवानी. पेटीच्या कडेकडेने सरसर एक फेरी मारून तिने त्याच्याकडे पाहिलं.

क्षणभर त्याचा आनंद पोटात मावेना. मग त्याने जखम बघायला तिला टॉवेलात धरलं.

जखम नव्हती.

त्याने तिला उजेडात नेलं, भिंग डोळ्याला लावलं. उजवी बाजू, डावी बाजू, पोट. खवल्याला खवला लागून होता. आपण केलेलं काम इतकं बेमालूम झालं, असा एक वेडा विचार त्याच्या मनात आला आणि तेवढ्यापुरता त्याला अभिमानही वाटला. पण बेमालूम म्हणजे परक्यासाठी. त्याने डोळे मिटले आणि बोट मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश फिरवलं. आपला टाका बोटाला लागतोच. वीस वर्षांपूर्वीचा लागतो. इथे काहीच लागलं नाही.

फडक्यावर मात्र कालच्या रक्ताचा डाग होता.

“भाऊजी, कुणाशी गुलुगुलु चाललंय सकाळी सकाळी?” इस्त्रीवाली शटरखालून वाकली. पेटीत बघून दोन पावलं मागे सरकली. “अगं बाई. मी म्हटलं एखादी बघितलीत की काय.”

“वहिनी, काल रात्री इकडे कुणी आलं होतं का?”

“तुमच्याकडे? कुणी येतं का कधी?” ती म्हणाली. मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण कपडे ठेवून ती नेहमीसारखी रेंगाळली नाही.

५

“टाके?” डॉक्टरीण म्हणाली. “काका, मी काय सांगितलं होतं? ती काय पँट आहे?”

“ओढून नाही घातले. सैलच घातले.”

“आणि कशाने? दोऱ्याने? पिकलं म्हणजे?” बोलता बोलता ती धामण उलटसुलट करून बघत होती. हळूहळू तिचा राग ओसरला आणि कपाळाला आठी पडली. “पण ही ती नाहीच. हिला साधा ओरखडासुद्धा नाही.”

“रात्री मी हिलाच आत ठेवलं.”

“दुसरी असेल. दोन असतात पुष्कळदा आसपास. ही आत शिरली, जखमी होती ती बाहेर पडली.”

“पेटी बांधलेली होती. गाठ माझीच होती.”

“तुम्ही दमलेले होता काका. बांधायचं राहिलं असेल, पहाटे उठून बांधली असेल. आपल्याला आठवतं तसंच झालेलं असतं असं नाही.”

ती शिकलेली होती, हुशार होती आणि बोलायलाही चांगली होती. तो “असेल” म्हणाला. खरं तर त्याला तसंच हवं होतं. तसं असलं म्हणजे सगळं सरळ होतं. एक धामण चुकून आत आली, दुसरी बाहेर गेली.

“पण मग ती कुठेय?” त्याने विचारलं.

“घरातच असेल. अंगात ताकद नाही तर कितीशी लांब जाणार? शोधा. सापडली तर हात लावू नका, मला फोन करा. मी संध्याकाळी येऊन हिला नेते आणि गावाबाहेर सोडते. ती जखमी मात्र आज-उद्यात मिळायला हवी काका. नाहीतर कुठेतरी फटीत मरून जाईल बिचारी.”

६

त्याने शटर खाली ओढलं आणि शोधायला लागला.

चिंध्यांची पोती रिकामी केली. शिलाई मशीनच्या पायाखाली हात घातला. स्वयंपाकघरात भांड्यांची फळी पुढे ओढली, मोरीच्या जाळीत बॅटरी मारली. घराला इतके कोपरे आहेत हे त्याला माहीतच नव्हतं. मधूनच तो थांबून कान द्यायचा. दुपारी गल्ली झोपलेली असते, तसं सगळं शांत होतं. आणि त्या शांततेत, भिंतीपलीकडे कुठेतरी, कापडावर कापड घासल्यासारखा आवाज यायचा. थांबायचा. पुन्हा यायचा.

‘आहे,’ तो मनात म्हणाला. ‘जिवंत आहे.’

चुलीच्या ओट्याखाली त्याला माग सापडला. फरशीवर बोटाएवढा तपकिरी ओला पट्टा, भिंतीच्या कडेने गेलेला. तो गुडघ्यांवर बसून त्याच्या मागोमाग सरकत गेला. जखम फरशीला घासत गेली असणार. पाण्याच्या माठापाशी पट्टा थोडा रुंद झाला होता. दमली असेल, आडवी पडत गेली असेल. कपाटापाशी तो हाताच्या पंजाएवढा होता. हे कसं, याचंही काहीतरी कारण त्याने शोधलं: ओल पसरते, कापडावर तेलाचा डाग पसरतो तशी. आतल्या खोलीच्या दारापाशी पोचला तेव्हा पट्टा दोन्ही हात पसरून मोजावा एवढा झाला होता, आणि ओल पसरते हे त्याला स्वतःलाच पटेनासं झालं.

दार बंद होतं. कडी बाहेरून लावलेली. तिच्यावर धूळ होती. दाराखालच्या फटीत त्याने करंगळी घालून बघितली. नखापुढे गेली नाही.

पट्टा मात्र दाराखालून आत गेला होता.

तो तिथेच फरशीवर बसला. डॉक्टरणीला फोन करावा. ती तसंच म्हणाली होती. फोन दुकानात होता, चार पावलांवर. पण फोन केला तर ती येईल, उजेड करेल, जे असेल ते उचलून गावाबाहेर सोडून येईल. आणि आत जे होतं ते त्याच्या हातून दुखावलेलं होतं, त्याच्याच घरी आलं होतं.

आतून पुन्हा आवाज आला. कूस बदलल्यासारखा.

त्याने कडी काढली.

७

वर्षभर बंद असलेल्या खोलीला कुबट वास यायला हवा होता. तो नव्हता. कुणीतरी झोपून असलेल्या खोलीला असतो तसा वास होता, उबदार आणि थोडा औषधी. खिडकीच्या फळ्यांतून उजेडाच्या काड्या आत आल्या होत्या. त्या पलंगावर पडल्या होत्या.

गोधडी खालून उंचावलेली होती. एका ठिकाणी गठ्ठा होऊन नव्हे, तर उशीपासून पायथ्यापर्यंत.

‘धामण लांब पसरून पडली आहे,’ त्याने स्वतःला सांगितलं. ‘ताकद नाही, म्हणून वेटोळं घालता आलं नाही.’ धामण एवढी जाड नसते, हे सांगणारं मन त्याने बाजूला केलं. शांतपणे पलंगाशी गुडघे टेकले आणि गोधडीची कड मध्यावर धरून वीतभर वर उचलली. जास्त नाही. गिऱ्हाईक कपडा अंगावर घालून दाखवतं तेव्हा तो जसा फक्त फाटलेल्या जागेपुरताच बघायचा, तसं.

खवले नव्हते. कातडी होती. फिकट, किंचित घामेजलेली, आणि गोधडीखाली दोन्हीकडे कुठवर गेली होती ते दिसत नव्हतं. तिच्यावरून तिरके, सैल, एकसारखे टाके गेले होते. तपकिरी रेशमाचे. कडा जरा सुजून लाल झाल्या होत्या.

त्याने डोळे मिटून बोट ठेवलं. बोटाला लगेच कळलं. इथे एक टाका बाकीच्यांहून जरा जास्त तिरका गेला होता, इथे गाठ. त्याचाच हात.

कातडी गरम होती. ती हलत होती, सावकाश, वर आणि खाली. बोट टेकलं तशी ती थांबली. माप घेताना माणूस श्वास रोखून धरतो, तशी.

तो किती वेळ तसा होता कोण जाणे. गोधडी अजून वर उचलता आली असती. उशीच्या बाजूने उचलता आली असती.

“दुखतंय का?” त्याने विचारलं.

बोटाखालचा श्वास सुटला आणि पुन्हा चालू झाला. त्याने गोधडी होती तशी खाली सोडली, कड नीट खोचली आणि बाहेर आला.

८

डॉक्टरीण आली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. तिने धामण आपल्या पिशवीत घेतली, पिशवीचं तोंड बांधलं.

“ती दुसरी मिळाली?”

“नाही,” तो म्हणाला. खोटं बोलायची सवय नव्हती, कानशिलं तापली. तिला ते त्याच्या नेहमीच्या लाजण्यातलंच वाटलं असावं.

“सगळीकडे बघितलंत?”

“सगळीकडे.”

“तरी लक्ष ठेवा. टाके वेळेवर काढले नाहीत तर कातडीच धाग्याभोवती धरते. मग काढता येत नाहीत. माझ्याकडे घेऊन आलात तर पाच मिनिटांचं काम आहे.” ती वाकून शटरखालून बाहेर पडणार, तेवढ्यात आत पलंग करकरला. लाकडावर वजन पडतं तसा, मोठा, मोकळा आवाज. ती थबकली. “आत कोण आहे?”

त्याने मागे वळून पाहिलं नाही. चार पावलांवरची बाई चांगली होती, आणि तिला एक शब्द सांगायचा अवकाश होता. तिने दिवा घेऊन आत धाव घेतली असती. मग काय ते कळलं असतं, आणि घर पुन्हा मोकळं झालं असतं.

“घरचेच आहेत,” तो म्हणाला.

“असं होय. मला वाटलं तुम्ही एकटेच असता.” तिचा चेहरा सैलावला. “मग बरंय. त्यांनाही सांगून ठेवा, कुठे दिसली तर हात लावू नका म्हणून.”

“सांगतो.”

तिची गाडी गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत तो उभा राहिला. शेजारी इस्त्रीवालीने दुकान आवरलं होतं. त्याने शटर जमिनीपर्यंत खाली ओढलं, आतून खिट्टी घातली. स्वयंपाकघरात पाणी गरम करून त्यात मीठ टाकलं. मऊ फडकं घेतलं, आणि थोडा विचार करून टाके कापायला काढलेली कात्री खणात परत ठेवून दिली.

आतल्या खोलीत अंधार होता. दिवा लावायला त्याचा हात गेला नाही. वाटी जमिनीवर ठेवून तो पलंगाच्या कडेला टेकला, अगदी टोकावर, परक्याकडे बसावं तसा.

गोधडीखाली हालचाल झाली. सावकाश, सुजलेली बाजू सांभाळत, जे होतं ते भिंतीकडे सरकलं, आणि त्याला आडवं होता यावं एवढी जागा करून दिली.